लिंक टाकली तर कुणी उघडत नाही, मग नेटवर सापडलेलं सांगायचं कसं?

तुम्ही विचारलंय की नेटवर फिरताना रोज काही ना काही भारी सापडतं, एखादी युक्ती कळते, ते तुम्ही मित्रांच्या आणि घरच्या ग्रुपवर टाकता, पण कुणी उघडूनही बघत नाही. बाकीचे लोक काय करतात?

मी ग्रुपवर टाकणं जवळजवळ बंद केलंय. सापडलेली गोष्ट एकाच माणसाला पाठवते, ज्याला ती खरंच लागणार आहे त्याला. आणि सोबत एक ओळ लिहिते की आत काय आहे, नेमकं कुठे बघायचं. लिंक पाठवणं हे अर्धंच काम आहे, उरलेलं अर्धं म्हणजे समोरच्याला त्या ओळीपर्यंत नेऊन सोडणं. एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, म्हणजे लक्षात येईल.

मी भांडुपला राहते, नोकरी फोर्टला. सकाळी बसायला जागा मिळालीच तर लोकलमधला पाऊण-एक तास माझा वाचनाचा. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक काका आहेत, जन्म गिरगावातल्या चाळीतला. भांडुपला येऊन तीस वर्षं झाली, तरी त्यांच्या तोंडी 'आमच्याकडे' म्हणजे गिरगावच. एके दिवशी इंटरनेट अर्काइव्हवर, म्हणजे जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवणाऱ्या साइटवर, मला 'गॅझेटियर ऑफ बॉम्बे सिटी अँड आयलंड' हा मुंबईचा जुना सरकारी माहितीग्रंथ सापडला. १९०९-१० सालचा, तीन खंड, पानन् पान स्कॅन केलेलं आणि फुकट. पहिल्यांदा काकाच आठवले.

पण नुसती लिंक पाठवली असती तर? तीन जाडजूड इंग्रजी खंड. काकांनी अंगठा पाठवला असता आणि विषय तिथेच संपला असता. म्हणून आधी मी आत शिरले. पुस्तक उघडलं की तिथे भिंगाचं चिन्ह असतं, त्यातून पुस्तकाच्या आतला शब्द शोधता येतो. मी गिरगाव हा शब्द आजच्या इंग्रजी स्पेलिंगने टाकला, फारसं काही हाती लागलं नाही. मग डोक्यात आलं की पुस्तक शंभर वर्षांपूर्वीचं आहे, तेव्हा साहेब लोक गिरगावच्या शेवटी 'यूएम' लिहायचे, गिरगाम. तसं टाकलं आणि पानांची रांगच लागली. जुन्या इंग्रजी कागदांत आपली मुंबई शोधायची तर हे पक्कं लक्षात ठेवा: माझगावसाठी 'माझगॉन', शीवसाठी 'सायन', भायखळ्यासाठी 'बायकला'. काही स्पेलिंगं आजही स्टेशनच्या पाट्यांवर दिसतात, काही फक्त पुस्तकात उरली आहेत.

त्यातली चार पानं मी निवडली. तिथे पुस्तक वाचताना तुम्ही ज्या पानावर असता त्याचा क्रमांक वरच्या पत्त्यात येतो, त्यामुळे तो पत्ता कॉपी केला की समोरच्याकडे थेट तेच पान उघडतं. काकांना लिहिलं, "काका, तुमच्या गिरगावबद्दल शंभर वर्षांपूर्वी सरकारने काय लिहिलंय बघा, हीच चार पानं." संध्याकाळी काका चष्मा लावून दारात हजर. "अगं, मोबाइलवर डोळे दुखतात, छापून आण की." दुसऱ्या दिवशी झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून दिले. त्यांनी पेन्सिलीने खुणा करून दोनदा वाचले.

लांबलचक वेबपानावरचं एकच वाक्य दाखवायचं असेल तर याहून सोपी सोय आहे आणि ती फारच कमी लोकांना माहीत आहे. क्रोममध्ये ते वाक्य सिलेक्ट करा, राइट क्लिक करा, 'कॉपी लिंक टू हायलाइट' असा पर्याय येतो. ती लिंक उघडणाऱ्याचा ब्राउझर पान आपोआप खाली नेतो आणि ते वाक्य रंगवून दाखवतो. यात जादू काही नाही. लिंकच्या शेवटी हॅशचं चिन्ह, थोडी विरामचिन्हं आणि 'टेक्स्ट' या शब्दापुढे तुमचंच वाक्य जोडलेलं असतं, ब्राउझर ते पानात शोधतो. म्हणून पानाच्या मालकाने ते वाक्य बदललं तर रंग दिसत नाही, पान नेहमीसारखं वरून उघडतं. बिघडत काहीच नाही. ऑफिसात एखाद्या नियमावरून वाद झाला की मी अशीच लिंक देते. "खाली बघ, सातव्या परिच्छेदात" असं सांगायची गरजच उरत नाही. पीडीएफ असेल तर पत्त्याच्या शेवटी हॅश, मग 'पेज', बरोबरचं चिन्ह आणि पानाचा आकडा टाका. कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमध्ये बहुतेक वेळा थेट ते पान उघडतं. यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक केलं तर चालू क्षणाची लिंक मिळते. तासाभराच्या व्याख्यानातली दोन मिनिटं पाठवायची असतील तर दुसरं काही शोधू नका.

मराठी पानांच्या लिंकची एक वेगळीच पंचाईत आहे. मराठी विकिपीडियावरचा लेख माझ्या मावशीला पाठवला, तर तिचा फोन: "हे काय टक्के-टक्के आलंय, व्हायरस आहे का?" तिचं चुकलं नव्हतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात आणि लिंक कॉपी करताना प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षर-आकडे असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाची नऊ. 'मुंबई' हा शब्द घ्या: म, उकार, अनुस्वार, ब, ई अशी पाच चिन्हं, त्याची झाली पंचेचाळीस. लेखाचं नाव चार शब्दांचं असेल तर लिंक पडदाभर पसरते आणि माणसं घाबरून हात लावत नाहीत. विकिपीडियावर साधनांच्या यादीत छोटी लिंक बनवायची सोय आहे, ती वापरा. इतर मराठी पानांसाठी क्रोममध्ये पत्त्याचं पहिलं अक्षर सोडून बाकीचा पत्ता सिलेक्ट करून कॉपी करा आणि पेस्ट केल्यावर ते एक अक्षर हाताने घाला. मग पत्ता वाचता येईल अशा मराठीत राहतो.

लिंकला चिकटून येणारी शेपटीही कापत जा. प्रश्नचिन्हानंतर 'यूटीएम' किंवा 'एफबीक्लिड' असं काही दिसलं तर ते तुम्ही कुठून आलात याची नोंद ठेवण्यासाठी असतं, काढलं तरी पान उघडतं. मात्र प्रश्नचिन्हापुढचं सगळंच सरसकट उडवू नका, यूट्यूबच्या लांब लिंकमध्ये व्हिडिओची ओळखही तिथेच असते. कापून झाल्यावर एकदा उघडून बघायचं, मग पाठवायचं.

आता पावसाळ्याचं. दरवर्षी जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की पाण्यात बुडालेल्या बसचे, रुळांवरच्या पाण्याचे फोटो 'आत्ताचा फोटो' म्हणून फिरू लागतात. त्यातले कितीतरी २६ जुलै २००५ चे निघतात. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, फोटो भीषण असणारच. पण ज्याची आई दादरला अडकली आहे त्याच्या काळजाचं काय होतं याचा विचार पाठवणारा करत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो. फोटो तपासायला अर्धं मिनिट लागतं. गूगल लेन्सवर टाका, किंवा टिनआय या साइटवर टाकून निकाल 'सर्वात जुना आधी' असे लावा. तोच फोटो पाच वर्षांपूर्वी कुठे छापला गेला असेल तर समोर येतो. काहीच सापडलं नाही म्हणजे फोटो खरा असंही नाही, एवढं ध्यानात असू द्या. त्यापेक्षा मी हवामान खात्याच्या साइटवरचं मुंबईच्या रडारचं चित्र बघते. कुलाबा आणि वेरावली अशी दोन रडार आहेत, ढग कुठे आहेत आणि कुठल्या दिशेने सरकताहेत ते दिसतं. ऑफिसातून निघायचं की थांबायचं हे ठरवायला त्याचा खरा उपयोग होतो. आणि बातमीत २४ तासांचा पाऊस सांगतात तो सहसा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठचा असतो. हे कळल्यापासून 'काल एवढा पडला तर आकडा कमी कसा?' हा प्रश्न मला पडत नाही.

ज्या एका युक्तीने आमच्या घरात प्रत्यक्ष काम झालं ती वेबॅक मशीनची, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती साठवून ठेवणाऱ्या साइटची. भाचीला एका शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा होता. लागणाऱ्या कागदपत्रांची यादी संस्थेच्या साइटवर होती, तिने ती उतरवून घेतली नव्हती. अर्जाच्या आठवड्यात पानच गायब, नुसतं '४०४'. फोन कुणी उचलत नव्हतं. पोरगी रडकुंडीला आली. मी त्या पानाचा पत्ता वेबॅक मशीनमध्ये टाकला. वर वर्षांची पट्टी येते, खाली कॅलेंडर, आणि ज्या तारखांना पान साठवलं गेलं तिथे रंगीत ठिपके. निळा म्हणजे पान नीट साठलंय, हिरवा म्हणजे ते तेव्हा दुसऱ्या पत्त्यावर वळवलेलं होतं, केशरी म्हणजे तेव्हाही सापडत नव्हतं. दोन महिन्यांपूर्वीच्या तारखेवर एकच निळा ठिपका होता. उघडला, आणि यादी जशीच्या तशी: उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, बोनाफाइड, गुणपत्रिका. उत्पन्नाचा दाखलाच तिच्याकडे नव्हता. त्याच दिवशी त्याचा अर्ज केला म्हणून वेळेत हातात पडला. यादी बदलली असेल या शंकेने फोन लागल्यावर विचारूनही घेतलं, तीच होती.

हा सगळा खटाटोप सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट अर्काइव्हचा. ब्रूस्टर केल यांनी ती संस्था १९९६ मध्ये सुरू केली आणि वेबॅक मशीन २००१ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. त्यात 'सेव्ह पेज नाऊ' असा एक चौकोन आहे. पत्ता टाकला की पान त्या दिवसाच्या तारखेने साठतं. महत्त्वाची जाहिरात, नियमावली, निकाल दिसला की मी आधी तिथे साठवते, मग पाठवते. फक्त कुणाची खासगी माहिती असलेलं पान तिथे टाकू नका, ते जगाला दिसतं.

शब्दांची आवड असलेलं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्यासाठी एक: शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळ्यांचा जुन्या मराठीचा कोश शोधता येतात. आजीच्या तोंडचा एखादा विसरलेला शब्द तिथे टाकून बघा, फार छान वाटतं. मी मावशीला तिच्याच आईचे दोन शब्द शोधून पाठवले होते. टक्के-टक्के नसलेल्या लिंकवर.

आणि जे लगेच कुणाला द्यायचं नसतं ते मी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवते. लिंकखाली फक्त नाव लिहिते, 'काका', 'भाची', 'ऑफिस'. नंतर नाव शोधलं की त्या माणसाचं सगळं एकत्र मिळतं. सध्या त्या यादीत काकांचंच जास्त आहे, कारण त्यांनी आता गिरगावातल्या ठाकुरद्वारबद्दल शोधायचं काम दिलंय. तीन वेगवेगळी स्पेलिंगं टाकून बघितली, दुसरा खंड अजून चाळायचा आहे.