व्याख्यानासाठी भुताटकीची डिजिटल चित्रे कशी तयार करावीत?

ठाण्यातील नववी-दहावीच्या मुलांपुढे भुताटकीमागचे विज्ञान मांडायचे असेल, तर तयार भूत दाखवण्याऐवजी ते घडताना दाखवावे, असे माझे ठाम मत आहे. मासुंदा तलावाच्या काठाचे सायंकाळी स्वतः काढलेले छायाचित्र क्रिटा किंवा गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून नव्या लेयरवर (मूळ चित्रावरच्या वेगळ्या पारदर्शक थरावर) पांढरी आकृती काढावी, तिला गॉशियन ब्लर (कडा धूसर करणारा परिणाम) द्यावा, अपारदर्शकता साधारण ३० टक्क्यांवर आणावी आणि व्याख्यानात तो लेयर मुलांकडूनच चालू-बंद करवून घ्यावा. अमेरिकेत विल्यम ममलर याने १८६०च्या दशकात मृतांच्या छाया दिसणारी छायाचित्रे विकली होती; दुहेरी एक्स्पोजरने, म्हणजे एकाच छायाचित्रावर दोनदा चित्र उमटवून, तसा परिणाम साधतो, हेही सांगावे. चित्रात रक्तपात दाखवणे टाळावे. ‘काल्पनिक चित्र’ ही अक्षरे कोपऱ्यात न टाकता आकृतीवरच घालावीत, कारण कोपरा कापलेले चित्र व्हॉट्सॲपवर खरे म्हणून फिरू शकते.