एफटीपी (फाइली हाताने सर्व्हरवर चढवणं) सोडून गिटहबवरून थेट डिप्लॉय करावं का, म्हणजे कोड तिथूनच सर्व्हरवर चढवावा का? अझ्युर अ‍ॅप सर्व्हिसवर (मायक्रोसॉफ्टच्या वेब होस्टिंगवर) ते कसं करायचं?

करावंच, आणि लवकरात लवकर. तुम्ही लिहिलंय की साइट नोडची (सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टची) आहे, कोड गिटहबवर आहे आणि तरी दर बदलाला फाइली हाताने चढवता. अशाने काही महिन्यांत सर्व्हरवर नेमका कुठला कोड चालू आहे, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. कुणीतरी घाईत तिथल्या तिथे एक ओळ बदलतो, ती रेपोत (गिटहबवरच्या कोडच्या साठ्यात) येत नाही आणि पुढच्या अपलोडला दुरुस्ती पुसली जाते. शिवाय फाइली एकेक चढत असताना साइट अर्धी जुनी, अर्धी नवी चालते.

जोडणी अवघड नाही. अझ्युरच्या पोर्टलवर तुमच्या अ‍ॅपचं डिप्लॉयमेंट सेंटर उघडा, सोर्स गिटहब, मग रेपो आणि मेन ब्रँच (कोडची मुख्य शाखा) निवडा. ऑथेंटिकेशनला यूझर असाइन्ड आयडेंटिटी (पासवर्ड न साठवता गिटहबला अझ्युरमध्ये शिरू देणारी ओळख) घ्या. पब्लिश प्रोफाइलनेही (डिप्लॉयचा पासवर्ड असलेल्या फाइलनेही) काम होतं, पण मग कायमचा पासवर्ड गिटहबच्या सीक्रेट्समध्ये पडून राहतो.

सेव्ह केलं की रेपोत वर्कफ्लोची (बिल्ड आणि डिप्लॉयच्या पायऱ्यांची) एक यामल फाइल आपोआप कमिट होते, म्हणजे नोंदली जाते. ती ओळ न ओळ वाचा. बरेच जण ती उघडतही नाहीत आणि मग 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणत बसतात. नोडचं व्हर्जन तुमच्याकडचंच आहे ना, ते बघा. पॅकेजेस बसवणाऱ्या एनपीएम इन्स्टॉल या कमांडच्या जागी एनपीएम सीआय लिहा. ते लॉक फाइलमधली (पॅकेजेसची नेमकी व्हर्जन्स नोंदलेली फाइल) व्हर्जन्सच घेतं आणि लॉक फाइल पॅकेज जेसनशी (लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीशी) जुळत नसेल तर तिथेच एरर देऊन थांबतं. बिल्ड गिटहबवरच होऊ द्या, सर्व्हरवर फक्त तयार माल जाऊ द्या. बिल्ड फसलं तरी चालू साइटला धक्का लागत नाही.

डॉट ईएनव्ही फाइल (पासवर्डसारखी गुपितं ठेवतात ती) चुकून रेपोत गेली असेल तर नुसती डिलीट करून भागत नाही, गिटच्या हिस्टरीत ती राहतेच. आधी तिच्यातला पासवर्ड बदला आणि नवा पोर्टलवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये ठेवा.

साइटवर गिऱ्हाइकांची वर्दळ असेल तर स्टँडर्ड किंवा वरचा प्लॅन घेऊन स्टेजिंग स्लॉट (लाइव्ह साइटशेजारची चाचणीची प्रत) करा. त्याचे पैसे वसूल होतात. मेनवर पुश झालं की कोड स्टेजिंगवर जातो, तिथे तपासून स्वॅप मारायचा, म्हणजे स्टेजिंग आणि लाइव्हची अदलाबदल करायची. गडबड दिसली तर पुन्हा स्वॅप, जुना कोड परत जागेवर. मात्र डेटाबेसच्या कनेक्शन स्ट्रिंगसमोर (डेटाबेसचा पत्ता असलेल्या सेटिंगसमोर) 'डिप्लॉयमेंट स्लॉट सेटिंग'वर टिक करायला विसरू नका. नाहीतर स्वॅपबरोबर तीही पलीकडे जाते आणि लाइव्ह साइट टेस्टच्या डेटाबेसला जोडली जाते.

आणि स्वॅप उलटा फिरवला तरी डेटाबेसमधला बदल मागे येत नाही. म्हणून कॉलम उडवणारं मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) त्याच डिप्लॉयमध्ये घालू नका. आधी कोडमधून त्याचा वापर काढा, कॉलम पुढच्या खेपेला काढा.