संगरूचा संग्राम करू नका

प्रश्न (डोंबिवलीहून): माझे आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेलेले. गावचं घर पाडताना ट्रंकेत त्यांची वही मिळाली. पुढून सगळा हिशोब आहे, विडी, साबण, मनीऑर्डर वगैरे, आणि वही उलटी करून मागून अकरा कविता. दिवाळीत घरातल्यांसाठी छोटं पुस्तक छापायचं ठरलंय. मोठे काका रिटायर्ड शिक्षक आहेत, ते शुद्धलेखन सुधारत टाइप करतायत. उदा. 'संगरूच्या चिखलात बूट ऱ्हायला' हे त्यांनी 'संग्रामाच्या चिखलात बूट राहिला' असं केलंय. हे चालतं का? आणि या कवितांना साहित्य म्हणून काही किंमत आहे का, खरं सांगा.

उत्तर: काकांना माझा नमस्कार सांगा आणि लगेच टायपिंग थांबवायला सांगा. अहो संगरू म्हणजे संग्राम नाही, सांग्रो! इटलीच्या पूर्व किनाऱ्याकडची नदी आहे ती. नोव्हेंबर 1943 मध्ये तिथे मोठी लढाई झाली, आपली आठवी इंडियन डिव्हिजन तिथे होती आणि तिच्यात मराठ्यांची जंगी पलटण, म्हणजे पहिली बटालियन, पण. पाऊस असा लागला होता की नदी फुगून बांधलेले पूल वाहून गेले, गाड्या चिखलात रुतल्या, आणि तुमच्या आजोबांचा एक बूट पण गेला म्हणायचा. आता दोन्ही ओळी शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. संग्रामाचा चिखल कुठल्याही भाषणात मिळतो, बूट ओढून घेणारा चिखल सांग्रोचाच. काकांनी एका शब्दात नदी पण घालवली, साल पण घालवलं आणि आजोबांना पण घालवलं. (रागावू नका, मी पण मास्तराचाच मुलगा आहे, ऱ्हस्व-दीर्घ दिसलं की माझा पण हात लाल पेनाकडे जातो.)

शब्द बदलायचे नाहीत याचं दुसरं कारण म्हणजे शिपाई कधी कधी मुद्दाम वेडंवाकडं लिहायचे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून हिंदुस्थानी शिपायांची जी पत्रं घरी यायची ती सेन्सॉर उघडून वाचायचा, आणि हे त्या पोरांना पक्कं माहीत होतं. मग एकजण लिहितो की काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतायत. किराणा वाटतो ना वाचताना? काळी मिरी म्हणजे आपली माणसं आणि लाल मिरची म्हणजे गोरे. पुष्कळांना लिहिता येत नव्हतं, दुसऱ्याला सांगून लिहून घ्यायचे, म्हणजे लिहिणाऱ्याला कळणार, सेन्सॉरला कळणार, तरी घरच्यांपर्यंत पोचवायचं. म्हणून वहीत कुठे निरर्थक वाटणारा शब्द आला तर तो पुसू नका, खाली टीप द्या, अंदाज चुकला तरी चालेल.

आता काका म्हणतील मोठमोठ्या कवींच्या कविता पण कोणीतरी सुधारल्याच आहेत की. हो, सुधारल्यात. विल्फ्रेड ओवेन हा इंग्लिश कवी 1917 मध्ये स्फोटांच्या धक्क्याने मन बिघडलेलं म्हणून एडिंबराजवळच्या हॉस्पिटलात होता, तिथे त्याला सिगफ्रिड ससून भेटला, तो पण सैनिक, तो पण कवी. ओवेनच्या एका कवितेच्या नावात 'मेलेली तरुणाई' होतं, ससूनच्या सुचवण्यावरून ते 'मरायलाच निघालेली तरुणाई' अशा अर्थाचं झालं. एकच शब्द, पण बघा, मेलेल्यांवर रडणं वेगळं आणि चालत्या-बोलत्या पोरांकडे बघून हे आता जाणार असं कळणं वेगळं. फरक एवढाच की ससून स्वतः खंदकातून आलेला आणि ओवेन समोर बसलेला, नको म्हणायला मोकळा. आजोबा नको म्हणायला नाहीयेत. (ओवेन 4 नोव्हेंबर 1918 ला मारला गेला, सात दिवसांनी युद्ध थांबलं, तार घरी पोचली तेव्हा गावात शांततेच्या घंटा वाजत होत्या.)

किंमतीचं खरं सांगू? अकरापैकी सात-आठ साधारण असणार, यमक जुळवलेल्या. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, 1916 मध्ये बेल्जियममध्ये यीप्र शहराच्या पडझडीत ब्रिटिश शिपायांना छापखाना सापडला आणि त्यांनी स्वतःचा पेपर काढला, तर काही दिवसांत संपादकालाच छापावं लागलं की कवितांची साथ पसरलीय, कृपा करून काही कवींनी गद्याकडे वळावं, नुसत्या कवितांवर पेपर जगत नाही. म्हणजे हे सगळीकडचंच. पण तुमच्याकडे ती बुटाची ओळ आहे, मला तेवढी पुरे.

छापताना डाव्या पानावर वहीचा फोटो आणि उजवीकडे तेच जसंच्या तसं टाइप करा. हिशोबाची पानं पण घ्या, कवितेइतकीच महत्त्वाची आहेत, कोणत्या महिन्यात मनीऑर्डर गेली नाही ते बघा आणि मागची कविता त्याच महिन्यातली आहे का तेही बघा. वहीला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको.

प्रश्न (मुलुंडहून): बासष्टच्या युद्धात मी शाळेत होते. आईने संरक्षण निधीला बांगडी दिली, आम्ही प्रभातफेरीत वीरश्रीच्या कविता म्हणायचो, अंगावर काटा यायचा. हल्ली नातू म्हणतो घरी बसून लिहिलेल्या युद्धकविता खोट्या असतात. खरंय का?

उत्तर: नातू अर्धा बरोबर आहे. पहिल्या महायुद्धात लंडनच्या पेपरांत जेसी पोप नावाच्या बाई पोरांना भरती व्हायला चिथावणाऱ्या कविता लिहायच्या, खेळाच्या मॅचला चला म्हटल्यासारख्या, आणि ओवेनने विषारी वायूत गुदमरणाऱ्या शिपायावरची कविता कच्च्या खर्ड्यात चक्क त्यांनाच उद्देशून लिहिली होती.

पण घरी बसलेल्यांवरच युद्ध येतं तेव्हा काय? दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या लेनिनग्राड शहराला जर्मनांचा वेढा पडला तेव्हा ओल्गा बेर्गोल्त्स ही कवयित्री रेडिओवरून कविता वाचायची, नवरा जानेवारी 1942 मध्ये उपासमारीने गेला तरी वाचत राहिली, ऐकणारेही उपाशीच. आणि हिरोशिमाच्या कवयित्री सादाको कुरिहारा, त्यांची एक कविता. बॉम्ब पडल्यावर एका तळघरात जखमी माणसं कोंबलेली, काळोख, एक काडेपेटी नाही, त्यात एका बाईला कळा सुरू होतात, आणि इतका वेळ कण्हत पडलेली एक जखमी बाई म्हणते, मी सुईण आहे, मी करते बाळंतपण. कवितेत बाळ जन्मतं आणि पहाटेआधी सुईण जाते. कुरिहारा त्या तळघरात नव्हत्या, ऐकलेली गोष्ट होती, आणि प्रत्यक्षातली सुईण तर वाचली होती. आता ही कविता खोटी का? नातवाला विचारा, मला पण त्याचं उत्तर ऐकायचंय.

तुमच्या अंगावरचा काटा मात्र खरा होता हो, आईची बांगडी पण खरी. त्या बांगडीवर दोन ओळी तुम्हीच का नाही लिहीत?

प्रश्न (परळहून, कॉलेजचा विद्यार्थी): सर, मला युद्धावर लिहायचंय पण मी मुंबईत वाढलो, बंदूक फक्त एनसीसीत धरलीय. लिहू का? सोबत एक कविता जोडतोय.

उत्तर: वाचली. 'धगधगती' चार वेळा आणि 'रक्तरंजित' तीन वेळा आलंय, आणि एकही माणूस आलेला नाही.

अ‍ॅलन लुईस नावाचा वेल्सचा एक मास्तर दुसऱ्या महायुद्धात सैन्यात येऊन पुण्याकडे होता, पुढे मार्च 1944 मध्ये ब्रह्मदेशातल्या आराकानच्या आघाडीवर मरण पावला. आपल्या सह्याद्रीच्या घाटावर त्याची कविता आहे. तिच्यात तोफ नाही, तापून भेगाळलेली जमीन आहे, ओझं घेऊन घाट चढणारा भिकारी आहे आणि स्वतःची जमीन नसलेला, युद्धात हरवलेला शिपाई आहे. परक्या माणसाला आपल्या घाटात हे दिसलं, तुला परळमध्ये काही दिसत नाही?

14 एप्रिल 1944 ला गोदीत फोर्ट स्टिकीन बोट फुटली, पोटात कापूस, दारूगोळा आणि सोनं, शेकडो माणसं मेली, लोकांना वाटलं जपान्यांनीच हल्ला केला, आणि सोन्याची एक वीट उडून लांब एका पारशी गृहस्थांच्या घरात छप्पर फोडून पडली. हे तुझ्या घरापासून किती लांब? तुमच्या चाळीत नव्वदीच्या पुढचं कोणी असेल तर जाऊन विचार, त्या दिवशी तुम्ही काय करत होता, गॅलरीतून काय दिसलं.

आणि मशीद बंदरला खलाशांच्या होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक आहे, समुद्रातच गेले, थडगं नाही कुठे. तेव्हा आपल्या कोकणातून बोटीवर जाणारे पुष्कळ असायचे. परळहून लोकलने किती वेळ लागतो, दादरला उलटं जाऊ नको म्हणजे झालं. जाऊन ये आणि दुसरी कविता पाठव.