ओठाला इरलं नसतं

मे महिना आला की उन्हाच्या प्रश्नांचा ढीग पडतो. त्यातले हे चार.

प्रश्न : वय ६१. पंधराव्या वर्षी हर्णै बंदरात खलाशी म्हणून बोटीवर चढलो, पुढे तांडेल झालो. खालच्या ओठावर दोन वर्षं पांढुरकी खपली धरते, निघते, पुन्हा धरते. तंबाखू कधी खाल्ली नाही. डॉक्टर तुकडा काढून तपासू म्हणतात. पण तुकडा काढला की कॅन्सर पसरतो ना?

तांडेलकाका, नाही पसरत. ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की तिच्यापायी माणसं सहा-सहा महिने घालवतात. तपासल्याशिवाय खपली कसली आहे ते कुणालाच सांगता येणार नाही. याच आठवड्यात जा.

तंबाखू नसताना ओठच का? खालचा ओठ जरा पुढे आलेला, त्यामुळे वरचं ऊन थेट त्याच्यावर. शिवाय त्यात मेलॅनिन, म्हणजे कातडीचा काळा रंग, फारच कमी. मेलॅनिनचे कण पेशीच्या केंद्रकावर इरल्यासारखे बसतात आणि आतला डीएनए अतिनील किरणांपासून झाकतात. तुमच्या पाठीला हे इरलं होतं, ओठाला नव्हतं. किरण लागले की डीएनएचे शेजारशेजारचे दुवे एकमेकांना चिकटतात. पेशी बहुतेक वेळा दुरुस्ती करते, पण एखादी चूक राहते आणि पुढच्या पेशींत उतरते. पंधराव्या वर्षी राहिलेली चूक साठीत खपली होऊन वर येऊ शकते. अशी खपली बऱ्याचदा कॅन्सरच्या आधीची पायरी असते आणि तिथेच गाठली तर उपचार सोपे असतात. ओठ हाताला कडक लागत असेल किंवा रक्त येत असेल, तर आठवडाही थांबू नका.

प्रश्न : सुट्टीत मालवणला माहेरी आलो की मुलं दहा ते एक समुद्रात असतात. आम्हीही तसेच वाढलो. आम्हाला काय झालं?

मीही रापणीच्या दोराला लोंबकळत बरेच मे काढलेत, ताई, आणि चांगला रापलोय. आपल्या गव्हाळ-सावळ्या मुलांना गोऱ्यांपेक्षा धोका पुष्कळ कमी, हे आधीच सांगतो. तरी वेळ चुकतेय. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शून्य सावलीचा दिवस मेच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, म्हणजे दुपारी सूर्य अगदी डोक्यावर. त्यात वाळू आणि लाटांचा फेस खालूनही किरण परतवतात. मुलांना एक खूण शिकवा: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की पाण्यातून बाहेर. समुद्र सकाळी नऊच्या आत आणि चारनंतरही असतोच की! भिजलेल्या पातळ सुती बनियनवर भिस्त ठेवू नका, ओल्या कापडातून किरण जास्त आत जातात. आणि ढग आले म्हणून निर्धास्त होऊ नका.

प्रश्न : वेंगुर्ल्याला मासळी सुकवते, अनवाणीच वावरते. तळपायाला वर्षभर काळा डाग आहे, कुरूप समजून औषधी पट्टी लावते. काळ्यासावळ्यांना कातडीचा कॅन्सर होत नाही म्हणतात, खरं का?

कमी होतो हे खरं. होत नाही हे खोटं. मेलॅनोमा हा त्यातला सगळ्यात वाईट प्रकार. तो आपल्यासारख्यांना बहुधा ऊन न लागणाऱ्या जागी होतो: तळपाय, तळहात, नखाखाली. तिथे उन्हाला दोष देता येत नाही. बॉब मार्ली या जमैकाच्या गायकाच्या पायाच्या अंगठ्याला, नखाखाली, हाच निघाला. आधी ती फुटबॉलची इजा वाटली होती. निदान १९७७ मध्ये झालं, १९८१ मध्ये तो गेला. वय होतं ३६.

कुरूप दाबल्यावर दुखतं, पण काळं होत पसरत नाही. डाग वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, रंग दोन-तीन छटांचा असेल, तर उशीर नको. पट्टी आजच बंद करा. तिने कातडी सोलवटते आणि डागाचं मूळ रूप दिसत नाही. नखावर नवी काळी रेघ उमटून शेजारच्या कातडीत उतरली, तरीही दाखवा.

प्रश्न : देवगडला आंब्याची बाग आहे. पन्नाशी उलटली. उन्हाने करायचं ते करून झालं, आता टोपी घालून काय उपयोग?

आहे. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावात १९९२ पासून साडेचार वर्षं सोळाशेवर माणसांवर प्रयोग झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत स्क्वॅमस, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा कॅन्सर सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघाला. ती सगळी मोठी माणसं होती आणि गोरी होती, म्हणून आकडा जसाच्या तसा इकडे लावू नका. पण नवी भर थांबवण्याचा फायदा पन्नाशीतही आहेच. फक्त पुढे झाप असलेली कॅप नको, तिच्यात कान आणि मान उघडीच राहतात. आंबे काढायला झाडावर चढणाऱ्या गड्यांनाही रुंद काठाची टोपी द्या आणि ती फांदीत अडकते म्हणाले, तर डोक्याला पंचा गुंडाळू द्या, कानांवरून.