जास्त प्रथिनं आणि दुष्काळ सोसण्याची ताकद, दोन्ही पिकाच्या एकाच वाणात आणता येतील का? या विषयात पीएचडी करावी का?

करा, जरूर करा. पण दाण्यातल्या प्रथिनांचा टक्का वाढला असं कुणी सांगितलं, की आधी दाणा हातात घेऊन बघा.

माझ्या पीएचडीचं तिसरं वर्ष यातच गेलं. आम्ही गव्हात एका लेआ प्रथिनाचा जनुक घातला होता. बी वाळताना आतली बाकीची प्रथिनं एकमेकांना चिकटून निकामी होऊ नयेत, म्हणून बी स्वतःच ही प्रथिनं तयार करतं. दाणे भरायच्या वेळी आम्ही पाणी तोडलं. झाडं तगली. दाणे केल्डालला (प्रथिनं मोजायची नेहमीची चाचणी) लावले तर प्रथिनांचा टक्का चांगलाच वर. गाईड म्हणाले, दोन्ही कामं झाली, पेपर लिहा.

मला दाणे बघूनच खटकलं. पोचट होते. आणि तुलना होती भरपूर पाणी दिलेल्या कुंड्यांशी! पाण्याचा ताण पडला की स्टार्च साठणं जास्त मार खातं, प्रथिनं त्यामानाने कमी. समजा 40 मिलिग्रॅमच्या दाण्यात 11 टक्के, म्हणजे 4.4 मिलिग्रॅम प्रथिन. तोच दाणा 32 मिलिग्रॅमचा झाला आणि टक्का 13 वर गेला, तरी प्रथिन 4.16 मिलिग्रॅमच. टक्का वाढला, प्रथिन घटलं. मी हजार दाण्यांचं वजन तक्त्यात घालायचा आग्रह धरला. "टक्केच छापतात," असं उत्तर मिळालं. मी त्या पेपरवरून माझं नाव काढून घेतलं. त्यानंतर प्रयोगशाळेत माझ्याशी कोण कसं बोलत होतं ते आजही विसरले नाही, पण तो निर्णय बरोबरच होता.

बरं, केल्डाल मोजतं नायट्रोजन. त्याला 6.25 ने गुणायचं (गव्हाला 5.7) की झालं प्रथिन. त्यात लायसिन, म्हणजे शरीराला अन्नातूनच घ्यावं लागणारं अमिनो आम्ल, किती हे कळत नाही. मक्याचा ओपेक-2 हा जनुकबदल झालेला प्रकार बघा. 1964 मध्ये कळलं की त्यात झीन (मक्याचं मुख्य प्रथिन, ज्यात लायसिन फारसं नसतं) कमी होतं आणि लायसिन जवळजवळ दुप्पट. खरं पोषण तिथे वाढलं. पण दाणा मऊ, पिठूळ, किडीला सोपा. तो कडक करायला सुरिंदर वसल आणि इव्हांजेलिना विलेगास यांना सिमिट या मका-गव्हाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रात कित्येक वर्षं खपावं लागलं. 2000 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना त्याच कामासाठी मिळाला.

तुमच्या मूळ प्रश्नातली खरी अडचण मात्र वेगळीच आहे. रानटी एमर गव्हातला जीपीसी-बी1 हा जनुक पानं लवकर पिकवतो, म्हणून पानांतला नायट्रोजन, जस्त आणि लोह दाण्यात जास्त उतरतं. दुष्काळासाठी मात्र बरेच जण पानं जास्त दिवस हिरवी राहणारी झाडं निवडतात. दोन्ही उद्दिष्टं एकाच पानाला उलट्या दिशांनी ओढतात. यावर काम करणारं कुणी भेटलं तर तिथेच जा.

हो, ॲलर्जीचंही पाहावं लागतं. सोयाबीनमध्ये ब्राझील नटचं प्रथिन घातलं, तेव्हा त्याबरोबर त्या नटची ॲलर्जीही आली. 1996 मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि तो वाण बाजारात आलाच नाही. आणि केल्डाल वाईट आहे असं मी म्हणत नाही, मीही रोज वापरते.

गाईड निवडताना एवढंच विचारा: तुमच्या तक्त्यात हजार दाण्यांचं वजन असतं का, आणि ताण दिलेल्या झाडांची तुलना तुम्ही तितकाच ताण दिलेल्या मूळ वाणाशी करता का?