वन्यजीव कार्यक्रमांचा तुमचा आवडता निवेदक कोण आणि का?

मला विचाराल तर डेव्हिड ॲटनबरो. १९७९च्या 'लाइफ ऑन अर्थ' या मालिकेतला रवांडाचा प्रसंग आठवून बघा. गोरिलांच्या कळपात हा माणूस झाडोऱ्यात बसलाय, कुजबुजत बोलतोय, आणि पिल्लं येऊन त्याच्या बुटांशी खेळायला लागतात. तो त्यांना खेळू देतो. प्राण्याला पुढे करून स्वतः मागे सरणं म्हणतात ते हेच.

ऑस्ट्रेलियन निवेदक स्टीव्ह अर्विनवरही माझा फार जीव. त्याचं मगरीवर झेप घेणं, आरडाओरडा करणं अनेकांना खटकायचं. प्राण्याला उगाच त्रास होतो हा आक्षेप मलाही पटतो. पण दिसताच लोक ज्यांना मारायला धावतात, त्या साप-मगरींवर त्यानेच आम्हाला माया करायला लावली. २००६मध्ये स्टिंगरे माशाचा काटा छातीत घुसून तो गेला, तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं.