टॉवर समोर, फोन उशाशी

समोरच्या गच्चीवर मोबाइल टॉवर उभा राहिला आणि चौतिशीच्या एका बाईंची झोप उडाली. त्या समुपदेशनासाठी माझ्याकडे आल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) डोकं दुखायचं, रात्री जाग यायची. मुलीच्या खोलीची खिडकी कायम बंद, फोनला लहरी रोखण्याचा दावा करणारं ‘रेडिएशन चिप’चं स्टिकर. “घर विकावं का हो?” हा त्यांचा प्रश्न. फोन मात्र रात्रभर उशाखाली, आणि जाग आली की त्यावरच कॅन्सरच्या बातम्यांचं वाचन.

यजमान म्हणायचे, “काही होत नाही.” त्याने भीती जात नाही, फक्त बोलणं थांबतं. म्हणून आधी आकडे घेतले. २०१२च्या सप्टेंबरपासून भारताने टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली, म्हणजे ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला ०.४५ वॅट. हँडसेटसाठी मर्यादा शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेवर: किलोमागे १.६ वॅट, तीही कुठल्याही १ ग्रॅम ऊतीवर मोजलेली. *#०७# डायल केलं की बहुतेक फोनवर त्या फोनचा हा आकडा दिसतो. अंतर दुप्पट झालं की तीव्रता साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून डोक्याला मिळणाऱ्या लहरींत कानाला लावलेला फोन टॉवरला सहज मागे टाकतो.

“पण डब्ल्यूएचओनेच म्हटलंय ना, यानं कॅन्सर होतो?” २०११मध्ये डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या, कर्करोग संस्थेने या लहरींना ‘२ब’ गटात टाकलं: पुरावा मर्यादित, पण शक्यता नाकारता येत नाही. डब्ल्यूएचओने करवून घेतलेल्या २०२४च्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध दिसला नाही.

स्टिकर काढायला सांगितलं. ते काहीच करत नाही, किंवा सिग्नल अडवतं. आणि सिग्नल अडला की फोन जास्त ताकद लावतो. लिफ्टमध्ये, तळघरात, सिग्नलची एकच कांडी असताना तेच होतं, तेव्हा लांबलचक कॉल नको. एरवी स्पीकर किंवा वायरचा इअरफोन.

तिसऱ्या भेटीत खरं कारण निघालं. मोठे दीर मेंदूच्या गाठीने गेले होते आणि त्यावर घरात कुणी बोलतच नव्हतं. पुढच्या भेटी टॉवरवर कमी, दिरांवर जास्त झाल्या. एका भेटीला यजमानांनाही बोलावलं.

डोकेदुखीसाठी फिजिशियनकडे पाठवलं; लांबलेली डोकेदुखी समुपदेशनात अडकवून ठेवू नये. फोनचं चार्जिंग हॉलमध्ये गेलं, गजरासाठी साधं घड्याळ आलं. टॉवरची मोजणी हवी असेल तर दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर शुल्क भरून मागता येते, हेही सांगितलं. त्यांनी ती मागितली. पातळी मर्यादेच्या बरीच खाली निघाली, पण खिडकी त्यांनी त्याआधीच उघडली होती.